मास्तरांच्या ओवीतले डोळे

तुम्ही पाठवलेला फोटो सुखरूप पोचला. पायरीवर चौघं बसलेले, मागं नैरोबीच्या घराचं पत्र्याचं छप्पर, धाकटीच्या मांडीवर मांजर. छान आहे. "आजी, तो बैठकीत दारासमोर लाव, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही दिसू," असं धाकटीनं लिहिलंय. तेवढं मी केलेलं नाही. फोटो माजघरात आतल्या भिंतीवर आहे, आणि चौकटीची काच काढून ठेवली आहे. तुमच्या वडिलांना माझी ही खोड लहानपणापासून माहीत आहे. ते हसतात आणि सोडून देतात. तिच्यामागचं कारण मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. तुम्ही चौघं आता मोठे आहात, आणि ती गोष्ट माहीत असलेलं माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

खालापूरला मराठी शाळेत एक मास्तर होते. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, तिथल्या महालकऱ्यांच्या कचेरीत कारकून होते. मुलींनी शाळेत जाण्याची गावात रीत नव्हती, म्हणून नानांनी मला दुपारच्या वेळी मास्तरांच्या बिऱ्हाडी पाठवायला सुरुवात केली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मास्तर पन्नाशीचे असावेत. बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. पुण्याच्या सडकेला लागून एका घराच्या माडीवर ते राहत. रेल्वे झाल्यापासून त्या सडकेवरची वर्दळ ओसरली होती. दुपारी एखादी बैलगाडी गेली तर तिची चाकं दूरच्या वळणापर्यंत ऐकू येत.

त्यांच्याविषयी पहिली गोष्ट सांगायची ती ही, की ते चित्राकडे पाठ करत नसत. शाळेत महाराणीचं चित्र टांगलं होतं, त्यामुळे मास्तर फळ्यावर आडवे उभे राहून लिहीत, खेकड्यासारखे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं ते पाहिलं आणि मास्तर फार राजनिष्ठ आहेत असा शेरा लिहून गेला. नानांनी ही बातमी सांगितली तेव्हा मास्तर म्हणाले, "निष्ठा कसली? बाई बघत बसली आहे आणि आपण पाठमोरं उभं राहायचं, बरं दिसतं का?"

तरुणपणी ते मुंबईला शिळाप्रेसमध्ये होते. दगडावर अक्षरं उलटी लिहायची, म्हणजे कागदावर सुलटी उठतात, ते त्यांचं काम. देवादिकांच्या चित्रांखालची नावं, पोथ्यांमधले श्लोक, सगळं त्यांनी उलटं लिहिलेलं. ती सवय हातात राहिली होती. थकले की फळ्यावरचं अक्षर उलटं पडू लागे. मग मुलं हसत, आणि ते न रागावता म्हणत, "आरसा आणा रे कोणीतरी. मी बरोबरच लिहिलंय, तुम्ही चुकीच्या बाजूला बसला आहात."

त्यांच्या स्वतःच्या खोलीत एकही चित्र नव्हतं. एक कोरी भिंत आणि तिच्यावर एक खुंटी. ती खुंटी लोकांच्या चित्रांसाठी. त्या काळी आमच्याकडे छापील देवादिकांची चित्रं नुकती येऊ लागली होती, आणि कर्जत स्टेशनाजवळ हिवाळ्यात एक फिरता फोटोवाला तंबू ठोकून बसे. ज्याच्या घरी असं काही आलं तो ते मास्तरांकडे आणी. मास्तर त्यावर एक ओवी रचत, बोरूनं कागदाच्या पट्टीवर लिहीत आणि चौकटीखाली चिकटवून देत. मोबदला म्हणून काही घेत नसत. मात्र चित्र तीन दिवस त्यांच्याकडे राहिलं पाहिजे, त्या तीन दिवसांत धन्यानं यायचं नाही, आणि एकदा आलेलं चित्र ओवीवाचून परत जायचं नाही, अशा त्यांच्या अटी होत्या.

तीन दिवस ते काय करत, हे मी रोज पाहत असे. शाळा सुटल्यावर ते चित्रासमोर मांडी घालून बसत आणि मी बाजूला पाढे लिहीत बसे. ते चित्र न्याहाळत आहेत असं कधी वाटलं नाही. नजर सैल सोडलेली असे, एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर बसतो तशी. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही काय बघता?"

"मी काही बघत नाही," ते म्हणाले. "चित्रासमोर नुसतं बसायचं असतं. बघायचं काम त्याचं."

मी त्या दिवशी पाढे लिहून झाल्यावर घाईनं घरी गेले.

गावाला त्या ओव्यांमधली खूण आधी कळली नाही. ती एका कुणबी बाईमुळे कळली. तिचा मुलगा माथेरानला घोडा धरायच्या कामावर होता. तिथल्या एका साहेबानं त्याचा घोड्यासकट फोटो काढला, एक प्रत आईला दिली आणि मुलाला आपल्याबरोबर ब्रह्मदेशात नेला. ती बाई फोटो पदरात गुंडाळून घेऊन आली. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला ओवी वाचून दाखवली तेव्हा मी तिथंच होते. ती मला अजून पाठ आहे:

हाती लगाम ताठ धरिला । घोडा मान घालूनि उभा राहिला ।
सदऱ्याचा काठ वाऱ्याने हालला । तोही थांबला क्षणभरी ॥

बाईनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "मास्तर, झ्याक हाय. पन डोळं कुठं हायत ह्याच्यात? माज्या पोराचं डोळं लई चांगलं. ते नाय लिवलं तुमी?"

"दिसले नाहीत, बाई."

"फोटूत हायत की. ह्ये बगा."

"फोटोत आहेत," मास्तर म्हणाले. "मला दिसले नाहीत."

ती मान हलवत गेली. दोन महिन्यांनी माथेरानच्या बंगल्यावरून निरोप आला की मुलगा तापानं गेला. आणि गेल्याचा दिवस मोजला तर तो ओवीच्या आधीचा निघाला. मग लोकांनी जुन्या ओव्या काढून पाहिल्या. हयात माणसांच्या ओव्यांत कुठंतरी डोळे आले होते. मेलेल्यांच्या ओव्यांत हात होते, पागोटी होती, पायांशी पडलेली सावली होती, डोळे नव्हते. पाटलांच्या म्हाताऱ्या आईला भुईवर काढलं होतं आणि लोक रडायला बसले होते, तेव्हा कोणीतरी तिचा फोटो मास्तरांकडे धाडला. ओवी आली ती अशी की डोळे राखेखालच्या निखाऱ्यांसारखे जागे आहेत. म्हातारी चौथ्या दिवशी उठून बसली आणि "कोन मेलंय रं, येवढी मानसं कशाला जमलीत?" असं विचारती झाली. त्यानंतर सात वर्षं ती सुनांच्या मानगुटीवर होती.

झालं. चित्रावर ओवी हवी म्हणून येणारे कमी झाले आणि डोळ्यांसाठी येणारे वाढले. मास्तरांना ते मुळीच आवडत नसे. "मी जोशी नाही," ते म्हणत. "दिसतं ते लिहितो." पण माडीवर आलेलं चित्र परत पाठवणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

आता माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं. ती नानांची धाकटी बहीण. तिला चौक गावी दिलं होतं. तिचे यजमान लग्नानंतर दुसऱ्या वर्षी "मुंबईस नोकरीचं बघून येतो" म्हणून कर्जतला गाडीत बसले ते परत आले नाहीत. कोणी म्हणे बोटीवर चढले, कोणी म्हणे बैराग्यांत मिसळले. आत्या माहेरी आली. मी जन्मले तेव्हापासून ती आमच्याच घरी होती आणि मी तिच्याच अंथरुणात निजत असे. रोज सकाळी ती कुंकू लावी, हिरव्या बांगड्या भरे, आणि माझ्याकडून वेणी घालून घेई. तिचे केस गुडघ्यांपर्यंत येत. तिच्या डाव्या डोळ्याच्या काळ्या बुबुळात मधाच्या रंगाचा एक ठिपका होता. हा ठिपका मला माहीत होता, कारण सकाळी जाग येई तेव्हा तिचं तोंड माझ्या तोंडाशी असे. आणखी कोणाला तो माहीत असायचं कारण नव्हतं. मोठ्या माणसांसमोर ती मान वर करत नसे.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याला मेला असं समजून क्रिया करायची, ही रीत तुम्हाला ठाऊक नसेल. तीनशेसाठ पळसाच्या देठांची पुतळी करतात. डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी दोन कवड्या. ती पुतळी जाळली की तो माणूस मेला आणि त्याची बायको विधवा झाली. आमच्या जातीत तेव्हा विधवेचे केस काढत. न्हाव्यासमोर बसवत, एकदाच नव्हे, मरेपर्यंत दर महिन्याला.

मी नऊ वर्षांची होते त्या फाल्गुनात बारा वर्षं भरत आली. आत्याचे दीर चौकहून आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचा थोरला मुलगा आदल्या वर्षी गेला होता आणि धाकटा दोन महिने अंथरुणाला खिळला होता. उपाध्यायांनी सांगितलं होतं की घरातला एक माणूस पिंडावाचून उपाशी भटकतो आहे, तोच पोरांना ओढतो आहे.

"नाना, मला वहिनींचं वाईट करायचं नाही," ते ओटीवर बसून म्हणाले. "पण माझं एक पोर गेलंय. दुसरं जायची वाट बघू का?"

"दादा जिवंत असतील तर?" नाना म्हणाले.

"असतील तर पत्र का नाही एक?"

नाना इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे, पण बहिणीच्या सासरच्या माणसाला रीत मोडा असं सांगण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. शेवटी दीरच म्हणाले, "आईजवळ दादाचा फोटो आहे, तो आणतो. मास्तरांकडे ठेवू. डोळे आले तर मी पुन्हा हे तोंडातून काढणार नाही. नाही आले तर चैत्रात क्रिया करू."

आत्या दाराआड उभी होती. माझ्या आईनं तिला हळूच विचारलं, "वन्सं, चालेल?" आत्यानं होकारार्थी मान हलवली. दुसरं करण्यासारखं तरी काय होतं?

फोटो आला. मास्तर म्हणाले, नको. दिरांनी तो खुंटीला अडकवला आणि निघून गेले. मी दुपारी गेले तेव्हा मास्तर त्यासमोर बसले होते आणि त्यांचा चेहरा मला वेगळा वाटला. फोटोकडे पाहिल्यावर त्याचं कारण समजलं. फोटो घेताना यजमानांनी पापण्या हलवल्या असाव्यात. त्या काळी फार वेळ स्थिर बसावं लागे. पगडी, मिशी, अंगरख्याचे बंद, सगळं स्वच्छ उठलं होतं. डोळ्यांच्या जागी मात्र एक पांढुरकी पट्टी होती, काचेवर कोणी अंगठा फिरवावा तशी. ज्या फोटोत मुळातच डोळे नाहीत त्यात मास्तरांना ते दिसणार कसे?

दुसरा दिवस होळीचा होता. आमच्याकडून मास्तरांना पुरणपोळीचं ताट जात असे. ते दरवर्षी गडी नेई; त्या वर्षी आत्या स्वतः घेऊन आली. तिनं तो फोटो बारा वर्षांत पाहिला नव्हता, तो सासूच्या पेटीत असे. ताट उंबऱ्याच्या आत सरकवून ती परत फिरली नाही. दारात उभी राहिली.

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. परस्त्रीकडे वळून पाहणं त्यांच्याकडून झालं नसतं. मी त्यांच्या डाव्या हाताला होते. खिडकीतलं ऊन आत्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि चौकटीच्या काचेत मला दिसलं की यजमानांच्या तोंडावरच्या त्या पांढऱ्या पट्टीत दोन डोळे आले आहेत. ते खाली वळलेले नव्हते. आत्यानं घरात कधी कोणाकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. मिशीच्या वर, पगडीच्या खाली, नेमके बसलेले. मास्तरांनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

मग मागं बांगड्या वाजल्या आणि जिन्याचं लाकूड करकरलं. ती गेली. मी काचेकडे पाहतच होते. ती गेल्यावर डोळे जायला हवे होते. माझा समज असा आहे की ते थोडे उशिरा गेले.

पुढं पुण्याला शाळेत आम्हाला प्रकाशाचे नियम शिकवले तेव्हा मी हे सगळं कागदावर आखून पाहिलं. दारातल्या माणसाचं तोंड काचेत लहान दिसतं, फोटोतल्या तोंडाएवढं. त्यामुळे डोळ्यांवर डोळे बसणं अशक्य नाही. मात्र मास्तरांना बसलेले दिसत असतील तर बाजूला बसलेल्या मला ते थोडे सरकलेले दिसायला हवेत. मला सरकलेले दिसले नाहीत. मी नऊ वर्षांची होते, एवढंच याला उत्तर आहे.

तिसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर दीर, त्यांची म्हातारी आई, उपाध्याय आणि नाना बसले. मास्तर स्वतः आले नाहीत. चौकट पाठवली. दिरांनी ओवी वाचली:

डोळे जागे, नाही पार । पाहती आतून दार ।
डाव्या बुबुळी मधाची धार । थेंब होऊन राहिली ॥

दिरांनी पुन्हा वाचली. मग आईकडे वळून म्हणाले, "दादाच्या डोळ्यात असं काही होतं का गं? मला तर आठवत नाही."

म्हातारीला तेव्हा फारसं दिसत नव्हतं. तिनं चौकट छातीशी धरली. "होतं," ती म्हणाली. "लहानपणी दृष्ट लागायची म्हणून मी तिथं काजळ जास्त घालायची. तू धाकटा, तुला कसं आठवेल."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत होतं. उपाध्यायांनी पंचा खांद्यावर टाकला. नानांनी डोळे पुसले. मी आत्याकडे पाहिलं; ती स्वयंपाकघराच्या दारात मान खाली घालून उभी होती. त्या क्षणी मी एक शब्द बोलले असते तर चैत्रात न्हावी आला असता. परदेशी गेलेला माणूस दार बाहेरून बघेल, आतून कसा, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. मी बोलले नाही.

दिरांचा मुलगा वैशाखात गेला. त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही, पण पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. फोटो मात्र मास्तरांकडे आणून ठेवला. "आमच्या घरात नको," एवढंच म्हणाले. आत्यानं ती बातमी ऐकली आणि त्या दिवसापासून ती एकवेळ जेवू लागली. आईनं समजावलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, पोराला ओढणारे ते नसतीलच. ते जिवंत आहेत ना? मग त्यांनी कसं ओढलं?" आणि आईकडे असं पाहिलं की आईनं विषय बदलला.

इकडे मास्तरांचं काय झालं ते. कर्जतच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्यानं आपल्या वारलेल्या भावाचा फोटो आणला. भाऊ वारल्याला वर्ष झालं होतं; त्यात कोणाला शंका नव्हती. मास्तरांच्या ओवीत डोळे आले. व्यापारी म्हणाला, "मास्तर, ह्याला मी माझ्या हातानं कबरीत उतरवलाय." मग शंकराच्या चित्रावर ओवी आली, त्यात डाव्या डोळ्यात मधाचा थेंब. एका साहेबाच्या कुत्र्याच्या फोटोवरची ओवी, त्यातही तोच थेंब. लोक हसले, मग भ्याले, मग यायचे थांबले. मास्तरांनी शाळेतलं महाराणीचं चित्र भिंतीकडे वळवलं. त्याबद्दल त्यांना लेखी विचारणा झाली आणि ते नोकरी सोडून घरी बसले. यजमानांचा फोटो त्यांनी पंच्यात गुंडाळून खुंटीला उलटा लावला होता.

मी शिकायला जातच होते. दोन वर्षांनी एका दुपारी त्यांनी माझी पाटी बाजूला ठेवली. "तुझ्या आत्याबाईंना एक निरोप दे," ते म्हणाले. "म्हणावं, मी लिहायचं ते लिहिलं, माझी तक्रार नाही. पण आता कृपा करून दुसरीकडे बघा. मला वाटीतल्या पाण्यातसुद्धा दिसतात."

हा निरोप द्यायला मला आठ दिवस लागले, कारण त्याच सुमारास आमच्या घरात एक गोष्ट उघड होत होती. आत्या उंबऱ्याला ठेचाळू लागली होती. तांदळातले खडे तिच्या हातून राहत. कर्जतहून रेल्वेचे डॉक्टर आणले. त्यांनी दिवा धरून पाहिलं आणि डोळ्यांत काही दोष दिसत नाही म्हणाले. दोष नव्हता, पण दिसत नव्हतं. सकाळी जाग आल्यावर मी तिच्या डाव्या डोळ्यात पाहिलं. तिथं थेंब नव्हता. दोन्ही बुबुळं सारखी काळी होती. वयानं रंग उतरतात असं पुढं मी वाचलं आहे. ती तेव्हा तीस वर्षांचीही नव्हती.

मी निरोप सांगितला तेव्हा ती वाती वळत होती. ते काम तिला बोटांनी येई. तिनं हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, "मास्तरांना म्हणावं, माझ्याकडे आता तेवढेच उरलेत."

मी तसंच जाऊन सांगितलं. मास्तरांनी उठून खुंटीवरचा फोटो काढला, पंचा सोडला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माडीच्या गॅलरीत खांबाला सडकेकडे तोंड करून टांगला. "निदान रस्ता तरी दिसू दे," ते म्हणाले. त्यानंतर ते ओव्या लिहीत नसत. चौकटीच्या मागं स्टुलावर बसत. सडकेवरचे गाडीवान वर बघत आणि एकमेकांना म्हणत, "वर बगू नको रं. मास्तरचा मानूस बसलाय."

त्यापुढचं मी पाहिलं तसं लिहिते. आत्या दिवसभर आमच्या मागच्या पडवीत बसे. तिथून सडक दिसत नाही, डोळे असणाऱ्यालाही नाही. तरी संध्याकाळी ती म्हणे, "आज वरात गेली. नवऱ्याचा फेटा पिवळा होता." वाजंत्री ऐकू आली असेल, फेट्याचं कोणीतरी सांगितलं असेल, असं मी धरून चाले. एकदा बैलपोळ्याला म्हणाली, "एका गाडीच्या डाव्या बैलाचं एक शिंग रंगवायचं राहिलंय." मी मुद्दाम धावत जाऊन गाडी गाठली. शिंग कोरं होतं. गाडीवान म्हणाला, "रंग सरला, बाय. तुला कुनी सांगितलं?"

मी चौदा वर्षांची झाले तेव्हा पुण्याला शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. आत्याला आता काहीच दिसत नसे. आंघोळ झाली की तिची वेणी घालायची आणि कपाळाला आधी मेण, मग कुंकू लावायचं, हे माझ्याकडे. त्या दिवशी दुपारी उष्मा फार होता म्हणून तिनं दुसऱ्यांदा आंघोळ केली, आणि मी करंडा घेऊन समोर बसले. तिनं एकदम माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले. तिची मान वर झाली होती. त्या खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती सारवलेली भिंत. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत गेले, चालणाऱ्या माणसामागं जातात तसे. माझं मनगट दुखू लागलं.

"आत्या, काय झालं?"

"छत्री आहे हातात," ती म्हणाली. "मिशी पांढरी झाली. डाव्या पायानं ओढत चालतात." मग काही वेळानं, "वडाखाली थांबले. पाणी प्यायले. वर नाही बघितलं."

"कोण, आत्या?"

तिचे डोळे भिंतीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथंच राहिले.

"नानांना बोलावू? अजून गाठता येतील. मी पळत जाते."

"नको." तिनं माझं मनगट सोडलं. "ज्याला थांबायचं नाही त्याला कशाला थांबवायचं? खोपोलीच्या अंगाला गेले. दिसत नाहीत आता."

मी करंडा तसाच धरून बसले होते. तिनं चाचपत माझी बोटं शोधली आणि आपल्या कपाळापाशी नेली. तिचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता. वैशाखात गेलेल्या त्या पोरासाठी पाच वर्षं तिच्या तोंडावर जे होतं ते गेलं होतं.

"म्हणजे आहेत," ती म्हणाली. "लाव गं कुंकू."